दगडाची पाठ

पहिलं महायुद्ध संपलं आणि इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या हॅझलकूम गावातून लढायला गेलेला एकूण एक माणूस जिवंत परतला, म्हणून हा दगड उभारलेला. दर नोव्हेंबरात एका सकाळी गावकरी आभार म्हणून त्याच्यावर उघडा पंजा टेकवतात, हाताखालचं हिम वितळेपर्यंत.

"विनी, पुरे! बोटं झडतील तुझी," म्हातारा एडगर ओरडला.

"झडू देत! माझे बाबा उजव्या हाताला तीनच बोटं घेऊन आले, पण आले ना!"

बाबांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

हात पुसत विनी दगडाच्या मागं गेली. तिकडे कुणी फिरकत नसे. दगडाच्या पाठीवरच्या कोऱ्या हिमात पंजाचा एक ताजा ठसा वितळत होता. तीन बोटांचा.

तिचे डोळे भरून आले. "तुम्हीपण आभार मानायला आलात?" म्हणत तिनं त्यावर हात ठेवला.

दगडातून तीन बोटांनी तो अलगद धरला.