नाक्यावरची तपासणी

राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर हवालदाराने बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडला, काडतुसांची वेगळी पेटी पाहिली. परवाना देशभर चालणारा होता. काहीतरी चूक निघेल, बंदूक इथूनच परत न्यावी लागेल, या आशेवर शालन सोबत आली होती.

“कागद चोख आहेत, साहेब,” हवालदार म्हणाला. “असे कुणी ठेवत नाही.”

“आपलं सगळं कायद्यानं असतं,” तिचा नवरा म्हणाला. कर्नाटकातल्या धाकट्या भावाने दोघांची आमराई परस्पर विकल्याचं त्याला कळलं होतं. सकाळी त्याने भिंतीवरची बंदूक उतरवली आणि भावाकडे जायला निघाला.

फाटक उघडलं. त्याने गाडी सुरू केली. शालनने दार उघडून पाय खाली टाकला.

“अगं, बस आत.”

“हवालदारसाहेब,” ती म्हणाली, “आम्ही कशासाठी चाललोय, ते तुम्ही विचारलंच नाही.”