सीमेवरचा बाजार

भटक्या घोडेस्वारांच्या साम्राज्यांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या इतिहासकार बाई पाठ्यपुस्तक समितीसमोर बसल्या होत्या. अध्यक्षांनी त्यांच्या धड्यातला एक अख्खा परिच्छेद लाल पेनाने खोडला.

"पाऊस आटला, कुरणं वाळली, गुरं मेली, ते भटके लोकर देऊन धान्य घ्यायला आले तर आपल्या राजाने सीमेवरचा बाजारच बंद केला... एवढं पाल्हाळ कशाला, बाई? 'क्रूर टोळ्या आपल्यावर चालून आल्या.' बस्स, झालं!"

"आणि त्यांच्या पोरांना उपाशी मारणारे? ते क्रूर नव्हते?" बाईंचा आवाज चढला.

"अहो, जरा जपून बोला. पूर्वज आहेत ते आपले!"

बाईंनी त्यांच्या हातातून धडा हिसकावून घेतला.

"तुमचे असतील. माझे त्या बाजाराच्या बंद दरवाजाबाहेर उभे होते."