पिंपानं पाडलेले पोचे

डिकीच्या आतून सळई घालून डेंटिंगवाल्यानं तिसरा पोचाही हलक्या हातानं बाहेर ढकलला. रंगाला धक्का नाही. तिन्ही पोचे काकूंचे. रिव्हर्स घेताना घरापुढच्या प्लॅस्टिकच्या पिंपानं पाडलेले, असं त्यांचं म्हणणं. काकांनी चावी खिशात टाकली. “झाली गाडी नव्यासारखी. यापुढे मीच चालवणार. तू शेजारी बस.” “शेजारी बसायचा क्लास नव्हता लावला मी. आणा चावी.” गॅरेजचं फाटक अरुंद, दोन्हीकडे खांब, निघायचं रिव्हर्समध्येच. डेंटिंगवाला पुढे झाला. “काकू, मी काढून देतो.” “तुम्ही पोचे काढा, गाडी मी काढते.” काकांनी डोळेच मिटले. उघडले तेव्हा गाडी सुखरूप रस्त्यावर होती. “जमलं की गं!” म्हणत ते निघाले, तर गाडी पुन्हा आत आली. “आता काय विसरलीस?” “काही नाही. मघाचं नशिबाच्या खात्यावर गेलं. आता काढीन ते माझ्या.”