घट्ट जोड

दुपारी एक ते चार राजकोट झोपतं. त्या वेळेला एखाद्याला कामाला बसवायचं म्हणजे वैर काढायचं, आणि निकुंजने ते काढलं होतं. डिझाईन विभागाच्या या नव्या साहेबाने रसीलाबेन गज्जरांना सांगितलं, "चार वाजेपर्यंत या शेगड्याचे तेवीस भाग नव्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून दाखवा. नाही जमलं तर यावर सही करा." शेगडा म्हणजे लोखंडाचा तुकडा दोन जबड्यांत आवळून धरणारा व्हाइस; मूठ फिरवली की त्याचा एक जबडा सरकतो.

बदलीचा कागद की-बोर्डशेजारी टाईप होऊन तयारच होता. एकतीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढलेल्या बाईने उद्यापासून रवानगी विभागात खोक्यांवर पत्ते चिकटवायचे.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बेनचा हात धरणारा कोणी नव्हता. तोंडाला तोंड, आसाला आस लावून त्या एकेक भाग असा बांधायच्या की केसभर सैल राहायचं नाही. नव्यात नुसतं बांधून भागत नाही. कुठला भाग फिरणार, कुठला सरकणार, तेही सांगावं लागतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, मुद्दामच. त्यांनी जोडांच्या यादीतला पहिला 'घट्ट जोड' उचलला आणि सगळीकडे तोच लावला.

सव्वातीनला त्यांनी खुर्ची मागे सारली. "झालं."

निकुंज समोर गाठिया खात बसला होता. बोटं पुसत आला, माउस घेतला आणि पडद्यावरच्या शेगड्याची मूठ ओढली. फिरली नाही. जबडा ओढला. तोही ढिम्म.

"बेन, हा शेगडा आहे की समाधी?" मागच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "आता वर एक हार घाला."

मागे दोघं फिस्सकन हसले. त्या दोघांना पहिली रेघ बेननीच ओढायला शिकवली होती. पण पगारवाढ साहेबाच्या हातात, मग हसू कोणाकडे वळणार?

"आमच्याकडे काही सैल राहिलं की शिव्या बसायच्या," बेन म्हणाल्या.

"कुठल्या जमान्यात? सही करा आणि घरी जाऊन झोपा. तुमचंही डोकं शांत, आमचंही."

बेननी पेन उचललं नाही. "तुझा दाखव."

"माझा?"

"तू जोडलेला. सोमवारी गिऱ्हाइकाला दाखवणार आहेस तो. हलणं कशाला म्हणतात ते बघू तरी."

त्याने ऐटीत फाईल उघडली. बेननी त्याच्या हातातून माउस घेतला आणि मूठ फिरवायला लागल्या. जबडा सरकला. झकास सरकला, ते खोटं कशाला म्हणायचं? त्या फिरवत राहिल्या. जबडा समोरच्या जबड्याला टेकला आणि थांबलाच नाही. भरीव लोखंडातून आरपार गेला, पलीकडे निघाला, शेगड्याची खालची बैठक संपली तरी अधांतरी सरकत राहिला आणि पडद्याच्या कडेबाहेर दिसेनासा झाला.

मागे आता कोणी हसत नव्हतं.

"माझा हलत नाही आणि तुझा थांबत नाही," बेन म्हणाल्या. "मर्यादा कुठे घालतात, निकुंज? तेवढं बटण दाखव मला."

निकुंजने एक यादी उघडली, मिटली. दुसरी उघडली.

"ते... ते मी नंतर बघतो," तो पुटपुटला आणि दुसऱ्या हाताने बदलीचा कागद हळूच स्वतःकडे ओढायला लागला.

बेननी कागदावर पंजा ठेवला.

"राहू दे. सही करते की मी. शेठसमोर करते, कारखाना त्यांचा आहे. तेव्हा पडद्यावर तुझी ही फाईल उघडी ठेव."