ओट्याची उंची

वेंगुर्ल्याच्या बोट-कारखान्यात आरेखक तांडेलांनी शिडाच्या साठ फुटी बोटीचा आराखडा टेबलावर पसरला. या बोटीतून जगप्रदक्षिणा करायची, असं वैजयंती आणि तिचा नवरा श्रीरंग बारा वर्षं ठरवत होते. गेल्या आठवड्यात श्रीरंगने डोक्याला यंत्र लावून तासभर बोट मनात पाहिली होती. यंत्राने ती जशीच्या तशी कागदावर उतरवली होती.

वैजयंतीने स्वयंपाकाच्या ओट्याची उंची वाचली. "तांडेल, हा माझ्या छातीला लागेल."

"मलाही नवल वाटलं, वहिनी. दुसरा बिछानाही चांगला लांब आहे. पण यंत्र पदरचं काही घालत नाही. साहेबांच्या मनात बोटीवर जी व्यक्ती वावरत होती, तिचीच मापं ते घेतं."

तिच्या शेजारी उभा असलेला श्रीरंग खिडकीबाहेर पाहू लागला. दोघांना शिडं हाताळायला शिकवणारी शर्वरी ताडमाड उंच होती. तीन वर्षं दर रविवारी ती वैजयंतीच्या हातचं जेवत होती.

"शर्वरी?" वैजयंतीने विचारलं.

"वैजू, मी ठरवून काही केलं नाही."

"ठरवून केलं असतंस, तर लपवता तरी आलं असतं."

तांडेल ओशाळले. "मी दुरुस्त करतो, वहिनी."

"नको. राहू दे तसंच," ती म्हणाली आणि मालकांच्या रकान्यातलं आपलं नाव खोडून बाहेर पडली.