हाताची सवय

मासळीवर प्रयोग करणाऱ्या मॅडमनी दिलेला गॉगल सगुणनं खडकावर उभ्यानंच चढवला आणि खाडीवरची चकाकी विझली. "काही माशांच्या डोळ्यांना उजेड असाच गाळून बघता येतो," त्या म्हणाल्या होत्या.

पाण्याखाली त्याचं जाळं कापणारा चोर आज दिसला. सख्खा धाकटा भाऊ!

"भायर ये, मेल्या!" सगुण भाला उगारून ओरडला.

नुसतं घाबरवायचं म्हणून त्यानं, पाण्याचा फसवेपणा हिशोबात धरूनच, भावाच्या डोक्याच्या वीतभर वर नेम धरला. पण पाण्यातला मासा दिसतो त्याच्या खाली असतो, हे चाळीस वर्षं जाणणाऱ्या हातानं फेकताना भाला सवयीनं आणखी खाली झुकवला.

तो गळ्यात घुसला. रक्ताच्या ढगातून भावाचे उघडे डोळे वर बघत होते.

सगुणनं गॉगल उपटून फेकला. चकाकीनं सगळं झाकून टाकलं.