हळदीच्या रंगाची तार

जिन्पाचींनी अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही. पिळाला लावलेलं रेशीम आधी संपवायचं, मग माणसांकडे वळायचं, हा त्यांचा शिरस्ता. लेक समोर गुडघे मोडून बसून राहिली.

सकाळीच स्टेशनवर गावाने तोमिएला डोक्यावर घेतलं होतं. टेनिस खेळत मेलबर्नच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेली पहिली जपानी मुलगी. नगराध्यक्षांनी लांबलचक भाषण ठोकलं, शाळेतल्या पोरांनी झेंडे हलवले. गर्दीत बाबा नव्हते. शोधायचं नाही असं ठरवूनही तिने तीनदा शोधलं होतं.

आता उन्हाळ्यात इंग्लंडला जायचं, तर अर्जावर सहीच्या जागी वडिलांचा शिक्का हवा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तो दिला नव्हता. या घरात सात पिढ्या शामिसेन वाद्याच्या रेशमी तारा वळतात, हळदीत पिवळ्याधमक रंगवतात. "तार गाण्यासाठी असते, चेंडू बडवायला नाही," एवढंच ते बोलले होते. तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी आपला शिक्का उठवून वेळ निभावून नेली. यंदा टेनिस संघटनेला वडिलांचाच हवा होता. तोमिएही त्यांचीच लेक. त्या दिवसानंतर तिने घरात टेनिसचा ट काढला नव्हता.

रेशीम संपलं. जिन्पाचींनी हात पुसले.

"रॅकेट दे."

त्यांनी एकेक तार नखाने छेडली आणि कान लावून ऐकली. मधल्या तारेपाशी बोट थांबलं.

"तिसऱ्या सेटमध्ये ही उतरली. आणि तू शहाणी, नुसता जोर लावत बसलीस."

तोमिए बघतच राहिली. मुलगी दमली म्हणून हरली, असं सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं होतं. तार उतरल्याचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सबब वाटली असती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ऐकू आलं."

घरात तर रेडिओ नव्हता. तार वळताना दुसरा आवाज नको, म्हणून जिन्पाचींनी तो कधी येऊच दिला नव्हता. शेजारची कियो तोफूचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिला राहवलं नाही.

"सहा वर्षं माझ्या दुकानातला रेडिओ अडवून बसतात गं. तुझा सामना असला की गिऱ्हाइकाला खोकूसुद्धा देत नाहीत. परवा त्या खरखरीत मला तुझं नावही कळेना, आणि हे म्हणतात, तार उतरली."

"तोफू ठेव आणि नीघ," जिन्पाची म्हणाले.

तोमिएचा ऊर भरून आला. स्टेशनवरच्या जयजयकारातही तिला इतका अभिमान वाटला नव्हता. असा कान जगात दुसऱ्या कोणाच्या बापाला होता?

जिन्पाचींनी शिक्का काढला आणि अर्जावर नीट दाबून उठवला. मग खालचा खण ओढला. आत पिवळ्या तारांची सहा वेटोळी होती, शामिसेनला कधीच लागणार नाहीत इतक्या लांब तारांची. प्रत्येकाला वर्षाची चिठ्ठी बांधलेली. त्यांनी सर्वांत वरचं वेटोळं उचलून तिच्या हातात दिलं.

"रेशीम जुनं झालं की ताण धरत नाही, म्हणून दरसाल नवी वळतो," ते म्हणाले. "तू कधी मागितलीच नाहीस."